एका गाण्याला किती कुलुपं?

भा. रा. तांब्यांची एखादी कविता तुमच्या आजीला पाठ असेल. विचारून बघा, माळव्यातल्या मराठी घरांत ती बहुतेक निघतेच. तांबे तसे आपलेच. जन्म मुंगावलीचा, शिक्षणाचा काही काळ देवासला, पुढे देवासच्या राजपुत्राला शिकवण्याचं काम आणि अखेरीस ग्वाल्हेरचं राजकविपद. समजा, आजीने एक कविता सुरात म्हटली, तुम्ही ती मोबाइलवर टिपली आणि यूट्यूबवर टाकली. थोड्याच वेळात निरोप येतो की या व्हिडिओवर अमुक कंपनीने मालकीचा दावा केला आहे. आजी म्हणणार, "अगंबाई, मी कोणाचं काय घेतलं?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण आपल्याला जे एक गाणं वाटतं त्यात कायद्याला चार वेगळ्या वस्तू दिसतात. शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि गाणाऱ्याचं सादरीकरण. चौघांचे मालक वेगळे असू शकतात आणि मुदतीही वेगळ्या. भारतात शब्दांवर आणि चालीवर कॉपीराइट असतो तो कवीच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रण प्रकाशित झालं की तिथून ६० वर्षं. गाणाऱ्याचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षं. ही सगळी वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची.

तांबे ७ डिसेंबर १९४१ ला गेले. म्हणजे त्यांचे शब्द आज सगळ्यांचे आहेत. कविता नुसती म्हणा, छापा, टी-शर्टवर लिहा, कोणाला विचारायला नको. पण आजीने ती रेडिओवर ऐकलेल्या भावगीताच्या चालीत म्हटली असेल, तर ती चाल एका संगीतकाराची आहे आणि तिची मुदत अजून संपलेली नसण्याचीच शक्यता जास्त. यूट्यूबच्या यंत्राला हा हिशेब येत नाही. कंपन्यांनी आपापली ध्वनिमुद्रणं त्याच्याकडे जमा केलेली असतात आणि नव्या व्हिडिओचा आवाज, चाल त्यांच्याशी जुळते का, एवढंच ते बघतं. कवी कधी गेला, गाणारी आजी आहे की व्यावसायिक गायिका, हे त्याच्या गावीही नसतं. आणखी एक गोष्ट तरुण मंडळींनी लक्षात ठेवावी. असा आपोआप आलेला दावा म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. ती त्या संकेतस्थळाची घरची व्यवस्था आहे आणि तिला हरकत घेता येते. शब्द जुने, चाल पारंपरिक आणि गळा आपला असेल तर हरकत जरूर घ्यावी.

तांब्यांच्या बाबतीत एक गंमत घडली होती, तीही सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर ऑगस्ट १९४१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं सगळं लेखन ३१ डिसेंबर १९९१ च्या मध्यरात्री मोकळं होणार होतं. टागोरांचे हक्क विश्वभारतीकडे होते. मुदत वाढवावी म्हणून बरीच खटपट झाली आणि घड्याळात तीन दिवस उरलेले असताना, २८ डिसेंबर १९९१ ला, सरकारने वटहुकूम काढून ५० चे ६० केले. टागोरांसाठी काढलेला वटहुकूम तांब्यांनाही लागू झाला, कारण दोघांच्या निधनाचं वर्ष एकच. तांब्यांची कविता १९९२ ऐवजी २००२ मध्ये मोकळी झाली. त्या दहा वर्षांत मराठी वाचकाचा काही फायदा झाला असं मला तरी दिसत नाही. एका थोर माणसाच्या पुस्तकांसाठी साऱ्या देशातल्या सगळ्या लेखकांचा कायदा चार दिवसांत बदलला, एवढं मात्र दिसतं. कायदा बदलता येतो. तो कोणासाठी बदलायचा, हा खरा प्रश्न.

वटहुकूम निघाला त्यानंतर पंधरा दिवसांनी, १२ जानेवारी १९९२ ला, देवासला कुमार गंधर्व गेले.

कुमारजींबद्दल देवासकरांना मी काय सांगणार! बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा मुलगा, क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये माळव्याच्या कोरड्या हवेत आला आणि इथलाच झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी काय ऐकलं असेल, तर आजूबाजूच्या बायकांची गाणी. लग्नातली, सणावारातली, दळणाकांडणातली. पुढे ती गाणी त्यांनी गोळा केली, स्वरलिपीत उतरवली आणि त्या धुनांमधून नवे राग उभे केले. त्यांच्या बंदिशींचा संग्रह 'अनूपरागविलास' या नावाने आला. त्यांनी तांब्यांच्या कवितांनाही चाली दिल्या आणि 'तांबे गीत रजनी' नावाचा कार्यक्रम केला. देवासशी नातं असलेल्या कवीचे शब्द आणि देवासच्या गायकाचा गळा.

आता कुलुपं मोजू. शब्द २००२ पासून मोकळे. कुमारजींच्या चाली आणि बंदिशी २०५२ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या किंवा ज्यांना हक्क दिले असतील त्यांच्या. ध्वनिमुद्रण ज्या कंपनीने काढलं तिचं. १९७० साली बाजारात आलेली एखादी तबकडी असेल, तर ती २०३० संपेपर्यंत. आणि ज्या माळवी बायकांच्या गळ्यातून मूळ धून आली त्यांचं? त्यांचं काहीच नाही. आपल्या कायद्याला 'कर्ता' लागतो, एक नाव लागतं. शेकडो वर्षं सगळ्यांनी मिळून गायलेल्या गाण्याला तो ओळखत नाही आणि लोकपरंपरेसाठी वेगळा कायदा आपल्याकडे झालेला नाही. याचा एक चांगला अर्थ असा की ती गाणी कोणीही गाऊ शकतं. वाईट अर्थ असा की उद्या एखाद्या कंपनीने धारजवळच्या खेड्यात जाऊन ती ध्वनिमुद्रित केली, तर ते ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं होईल आणि त्याच गावच्या मुलीने तेच गाणं मोबाइलवर टाकलं की यंत्र तिलाच हटकेल.

कुमारजींच्या छापील, प्रकाशित वारशाची मला फारशी काळजी वाटत नाही. तो मोठा आहे, त्याला वारस आहेत, चाहते आहेत, कंपन्या आहेत. काळजी वाटते ती कपाटातल्या टेपांची.

देवास, धार, इंदूर, उज्जैन या पट्ट्यातल्या मराठी घरांत एके काळी खासगी मैफली होत असत. कोणाकडे तरी स्पूलचा टेपरेकॉर्डर असे, नंतर कॅसेटचा आला. घरचा एखादा हौशी काका कोपऱ्यात बसून सगळं टिपून घेई. त्या टेपांचं कायद्यात काय होतं ते ऐका. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मोजायची ती प्रकाशनापासून. जे कधी प्रकाशितच झालं नाही, त्याचं घड्याळ सुरूच होत नाही. म्हणजे १९७० ची बाजारातली तबकडी २०३१ ला मोकळी होणार आणि त्याच वर्षीची काकांच्या कपाटातली टेप कायम कुलपात. ध्वनिमुद्रणाचा मालक कायद्याने निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन ते केलं तो. इथे काका. काका गेले. त्यांची मुलं एक पुण्याला, एक बंगळूरला, एक अमेरिकेत. त्याशिवाय गायकाच्या आणि बंदिशकाराच्या वारसांची परवानगी वेगळी, साथीदारांचा प्रश्न वेगळाच. एवढ्या सगळ्यांना गाठेपर्यंत टेप चिकटून बसते, तिच्यावर बुरशी धरते.

कायद्याच्या भाषेत, ज्याचा मालक सापडत नाही किंवा कोण तेच कळत नाही, अशा साहित्याला अनाथ म्हणतात. आपल्या मंडळांचा बहुतेक ठेवा असा अनाथ आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, हस्तलिखित मासिकं, संस्थानी काळातली छोट्या छापखान्यांतली पुस्तकं, नाटकांच्या वह्या. स्मरणिकेतला एकेक लेख त्या त्या लेखकाचा असतो, मंडळाचा नव्हे, लेखकाने तसं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. १९६५ च्या स्मरणिकेत तीस जणांनी लिहिलं असेल तर परवानग्या तीस. त्यातले पाच जण टोपणनावाने लिहिणारे!

मग काहीच करता येत नाही का? काही येतं. सार्वजनिक, ना-नफा ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल, तर ती जपण्यासाठी डिजिटल स्वरूपात साठवून ठेवायला कलम ५२ मधली एक तरतूद परवानगी देते. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयासाठी तीनपर्यंत प्रती करायलाही मुभा आहे. म्हणजे मंडळाच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं खुशाल स्कॅन करून ठेवावीत. अडचण पुढच्या पायरीवर आहे. ते स्कॅन संकेतस्थळावर टाकून नातवंडांना वाचायला देणं यात बसत नाही. थोडक्यात, जपा, पण दाखवू नका. कोणी वाचणारच नसेल तर जपण्याचा उत्साह किती दिवस टिकणार?

दाखवायचं असेल तर कलम ३१ अ आहे. मालक मृत, अज्ञात किंवा न सापडणारा असेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. त्यासाठी आधी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, भाषांतर करायचं असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही. मग अर्ज, मग रॉयल्टी ठरणं, ती जमा करणं. पूर्वी हा अर्ज एका खास मंडळाकडे करायचा असे. २०२१ मध्ये ते अपिलीय मंडळच बंद झालं आणि काम व्यापारी न्यायालयांकडे गेलं. मंडळाच्या स्मरणिकेतल्या एका कवितेसाठी व्यापारी न्यायालयात कोण जाणार? वकिलाच्या फीमध्ये गणपतीचा मांडव उभा राहील.

धारचं उदाहरण थोडं वेगळं आहे. १९०३ साली धार संस्थानच्या शिक्षण खात्यातले काशिनाथ कृष्ण लेले यांना काळ्या दगडाची एक शिळा सापडली. तिच्यावर तेराव्या शतकातल्या मदन नावाच्या कवीची 'पारिजातमञ्जरी' ही नाटिका कोरलेली होती. नाटिका चार अंकांची, शिळेवर दोनच अंक. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर असणार, पण ती मिळालेली नाही. मदनाचा कोणी वारस परवानगी नाकारायला येणार नव्हता, जर्मन विद्वान हुल्ट्झ यांनी मजकूर 'एपिग्राफिया इंडिका'त छापला आणि जगभर गेला. कॉपीराइट नसतानाही अर्धं नाटक गेलंच, कारण दुसरी प्रत नव्हती. दगडाची ही गत, तिथे कॅसेटचं काय घेऊन बसलात!

धारमध्येच रघुनाथ कृष्ण फडके राहत. वसईचे शिल्पकार, मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. धार दरबाराच्या आग्रहाने इथे आले आणि राहिले, १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये गेले. त्यांचा स्टुडिओ धारकरांना माहीत आहेच. त्यांच्या शिल्पांवरचा कॉपीराइट २०३२ च्या अखेरपर्यंत आहे, पण सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढून तो प्रसिद्ध करायला कोणाची परवानगी लागत नाही. कायद्यात चित्र, रेखाटन, कोरीवकाम आणि फोटो यांची नावं घेतलेली आहेत. हे लिहिलं गेलं तेव्हा मोबाइल पुतळ्याभोवती फिरवून त्याचं त्रिमितीय प्रतिरूप करता येईल, ते कुठेही छापता येईल, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. आज शाळेतली मुलं ते करतात. त्रिमितीय प्रतिरूप त्या यादीत नाही. पुतळा झिजला, पडला, कोणी फोडला, तर त्याची हुबेहूब नोंद हाच आधार असतो. म्हणजे संस्थेला नोंद ठेवायची असली तरी मनात धाकधूक.

मंडळाच्या कार्यक्रमांतही हीच फट दिसते. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांपुढे नाटक किंवा गाणी सादर केली, तर कायदा त्याला कॉपीराइटचा भंग मानत नाही. पुष्कळ मंडळांना ही सवलत माहीत नसते आणि पुष्कळांना तिची मर्यादा माहीत नसते. तिकीट लावलंत की लेखकाची परवानगी आणि मानधन आलंच, आणि ते द्यायलाही हवं. मराठी नाटककाराला मिळतं तरी किती! पण प्रवेश फुकट ठेवून तोच प्रयोग फेसबुकवर थेट दाखवला तर? सभागृहातला प्रयोग सवलतीत आणि त्याचं इंटरनेटवरचं प्रक्षेपण हा कायद्याच्या लेखी निराळाच वापर. देवासच्या सभागृहात बसलेल्या आजोबांना नातीचं नाटक बघता येतं, कॅनडातल्या मावशीला दाखवायचं तर नाटककाराला विचारावं लागतं. करोनाच्या काळात सगळे उत्सव पडद्यावर गेले आणि बहुतेक मंडळांनी न कळत ही रेघ ओलांडली.

देशोदेशी विखुरलेल्या कुटुंबांसाठी तर मुदतींचा घोळ आणखीनच मजेदार आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. त्याआधीही ते देवासला येऊन गेले होते. त्या दिवसांवर, दरबारावर, गोकुळाष्टमीच्या उत्सवावर त्यांनी 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये काढलं. टेकडी आपली, महाराज आपले, उत्सव आपला. फॉर्स्टर १९७० मध्ये गेले. भारतात पुस्तक मोकळं होईल १ जानेवारी २०३१ ला. ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणून २०४१. अमेरिकेत त्या काळच्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणून २०४९. उलट त्यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही १९२४ ची कादंबरी अमेरिकेत २०२० पासूनच मोकळी आहे. म्हणजे न्यू जर्सीतला भाऊ आज ती कादंबरी सगळ्यांना वाटू शकतो, देवासची बहीण नाही. २०३१ मध्ये देवासची बहीण 'हिल ऑफ देवी'चं मराठी भाषांतर बिनधास्त टाकेल, ते उतरवून घेणारा न्यू जर्सीचा भाऊ अडचणीत. इंटरनेटला सरहद्द नाही, कायद्याला आहे.

कोणी म्हणेल, मग मुदतच कमी करा. मला तो रस्ता पटत नाही आणि तो फारसा मोकळाही नाही. बर्न करारानुसार मृत्यूनंतर किमान ५० वर्षं द्यावीच लागतात. म्हणजे फार तर दहा वर्षं कमी होतील. शिवाय लेखकाच्या मुलाबाळांना चार पैसे मिळतात त्यावर डोळा ठेवून आपला प्रश्न सुटणार नाही. आपला प्रश्न मालक नाकारतो हा नाहीच. मालक सापडत नाही, हा आहे.

आणि त्यावर उपाय जगात झालेले आहेत. युरोपीय संघाने २०१२ मध्ये नियम केला की ग्रंथालय किंवा अभिलेखागाराने प्रामाणिकपणे शोध घ्यावा, त्याची नोंद करावी, आणि मालक सापडला नाही तर ते साहित्य लोकांसाठी खुलं करावं. मालक पुढे आला तर खुलेपणा थांबतो आणि त्याला मोबदला मिळतो. २०१९ मध्ये बाजारातून नाहीशा झालेल्या पुस्तकांसाठीही वाट काढली. नॉर्वे-स्वीडनकडे लेखकांची संस्था सगळ्या लेखकांच्या वतीने परवाना देते आणि ज्याला नको तो बाहेर पडतो. यातलं कोणतंही जसंच्या तसं इकडे चालणार नाही, कारण आपल्याकडे लेखकांच्या अशा भक्कम संस्था नाहीत. पण पहिला नमुना जवळचा आहे. सरकारी संकेतस्थळावर सूचना द्या, ठरावीक महिने वाट बघा, कोणी आलं नाही तर ना-नफा संस्थेला ते साहित्य खुलं करू द्या. मूळ मालक आला तर लगेच उतरवा किंवा रीतसर मोबदला द्या. एवढ्याला न्यायालय कशाला हवं?

असा बदल होईल का? याआधीचा मोठा बदल २०१२ मध्ये झाला. तेव्हा गीतकार आणि संगीतकारांना त्यांच्या गाण्याच्या रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही, असं ठरलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. त्याच वेळी अंधांसाठी ब्रेल किंवा बोलकी पुस्तकं करायला परवानगीची अट काढली. अंधांच्या पुस्तकांबाबतचा मराकेश करार मंजूर करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. त्याने कोणाचं प्रकाशन बुडालं नाही. (तुमच्यापैकी ज्यांचं वाचन स्वच्छ आहे त्यांनी अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं वाचून द्यावीत. हे काम पूर्ण कायदेशीर आहे आणि माणसं कमी पडतात.)

सध्या कायद्याचं वारं वाहतंय ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दिशेने. एआयची यंत्रं शिकतात ती माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर. त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा लावला. उद्योग खात्याने समिती नेमली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिचा मसुदा आला. त्याचा गाभा असा की कंपन्यांना कायदेशीररीत्या उपलब्ध असलेला सगळा मजकूर वापरायचा सरसकट परवाना मिळावा, लेखकाला नाही म्हणता येऊ नये, आणि त्याबदल्यात एका मध्यवर्ती संस्थेमार्फत रॉयल्टी वाटली जावी.

त्यात बरंवाईट बरंच आहे, पण आपल्या कोपऱ्यातून बघताना मला एकच गोष्ट डाचते. जगातल्या सर्वात धनाढ्य कंपन्यांनी प्रत्येक लेखकाला गाठणं अशक्य आहे, हे सरकारला पटतं. त्यांच्यासाठी न विचारता वापरण्याची आणि नंतर पैसे भरण्याची सोय सुचवली जाते. अगदी तीच अडचण धारच्या किंवा देवासच्या एखाद्या मंडळाची आहे. पैसा मिळवायचा नाही, फक्त स्मरणिका आपल्याच मुलांना दाखवायची आहे. त्याला मात्र इंग्रजी दैनिकात जाहिरात आणि व्यापारी न्यायालय. आणि जे कधी खुलंच झालं नाही, ते यंत्र तरी कुठून शिकणार? माळव्याच्या मराठीतले शब्द, 'आम्ही इंदूरला जाऊन राहिलो आहोत' अशी हिंदीच्या सावलीतली आपली वाक्यं, सरंजामी वाड्यांतली बोली, हे सगळं त्या बंद कपाटांत आहे. उद्याचं यंत्र पुण्या-मुंबईची मराठी बोलेल आणि आपली नातवंडं तीच खरी समजतील.

अशा मसुद्यांवर सरकार लोकांच्या सूचना मागवतं. सूचना पाठवतात मोठ्या कंपन्या, चित्रपट आणि संगीत उद्योग, वकिलांच्या संस्था. एका मराठी मंडळाने, किंवा दहा मंडळांनी मिळून, दोन पानांचं पत्र पाठवलं तर ते वाचलं जाईल का, सांगता येत नाही. पण पाठवलं नाही तर वाचलं जाणार नाही, हे नक्की. कायद्याचा अभ्यास करणारी मुलं-मुली आता आपल्या बहुतेक घरांत आहेत. हे पत्र त्यांनी लिहावं.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे आजी-आजोबांच्या लग्नाचा अल्बम तुमच्याच घरचा आहे, बिनघोर स्कॅन करा आणि मागे नावं लिहा. टेपा आधी डिजिटल करून घ्या. खुल्या कधी करायच्या ते पुढे बघू. डब्यावर कोण गायलं, कोणाच्या घरी, कधी आणि टिपलं कोणी, हे लिहून ठेवा, म्हणजे निदान ती टेप अनाथ राहणार नाही. मंडळाने यापुढे स्मरणिकेसाठी लेख घेताना छापील आणि डिजिटल, दोन्ही प्रसिद्धीला कायमची, सर्व देशांसाठी परवानगी असल्याची एक ओळ लेखकाकडून लिहून घ्यावी. मुदत लिहिली नाही तर हक्क दिल्यापासून पाच वर्षांचीच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

आजोबा अजून लिहीत असतील तर त्यांच्याशी एकदा बसून बोला. हयातीत ते आपला कॉपीराइट जाहीर सूचना देऊन सोडूही शकतात, पूर्ण किंवा काही हक्कांपुरता. तसं करायचं नसेल तर मृत्युपत्रात लिहावं. हस्तलिखित ज्याच्या नावे ठेवलं, त्याच्याकडेच त्या अप्रकाशित लेखनाचा कॉपीराइटही जातो, मृत्युपत्रात उलट काही म्हटलेलं नसेल तर. वही एकाच नातवंडाच्या नावे ठेवली की पुढे एकालाच विचारावं लागतं.